चालत्या डिझेल-इलेक्ट्रिक मोटारसायकलची मोटर वारंवार बंद पडते: कारणे आणि दुरुस्ती

जुन्या मोटारसायकलवर डिझेल जनरेटर, बॅटरी आणि इलेक्ट्रिक मोटर अशी जोडणी करणाऱ्यांकडून एकच तक्रार पुन्हा पुन्हा येते. गाडी व्यवस्थित चालत असते, इंजिनाचा ठोका नेहमीसारखा असतो आणि मोटर मात्र मध्येच बंद पडते. चावी बंद करून थोड्या वेळाने पुन्हा चालू केली, की काही झालेच नाही अशी गाडी निघते आणि काही अंतरावर पुन्हा तेच घडते. बहुतेक जण अशा वेळी कंट्रोलर, म्हणजे मोटरला जाणारी वीज नियंत्रित करणारी पेटी, बदलतात. नवा कंट्रोलर काही आठवडे बरा चालतो, मग तोही तसाच वागू लागतो आणि एवढा खर्च करूनही मूळ दोष गाडीतच राहतो.

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत यंत्रमागाच्या कारखान्यात फिटर असलेल्या एका गृहस्थांनी अशीच गाडी दाखवायला आणली होती. ते म्हणाले, "सर, सकाळी कामावर येताना काही होत नाही. दुपारी जेवायला घरी निघालो की हमखास बंद पडते." निम्मे निदान त्यांच्या या वाक्यातच झाले होते. कंट्रोलर अशा प्रकरणात क्वचितच मूळ दोषी असतो. त्याच्यापर्यंत येणारा व्होल्टेज ठरलेल्या मर्यादेच्या खाली किंवा वर गेला म्हणून तो स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतो. त्यामुळे पहिला प्रश्न व्होल्टेज खाली गेला की वर गेला हा आहे, आणि त्याचे उत्तर मीटर लावण्याआधीही बऱ्याच अंशी मिळू शकते: मोटर रेस ओढल्यावर बंद पडते की रेस सोडल्यावर?

पुढील आकडे समजण्यासाठी जोडणी कशी आहे ते आधी सांगतो. पाया म्हणून अनेकांनी जुनी डिझेल बुलेट घेतलेली असते. तिचे ३२५ सीसीचे, हवेने थंड होणारे इंजिन सुमारे साडेसहा अश्वशक्तीचे असून २००० सालच्या सुमारास ती गाडी बाजारातून गेली. या इंजिनाचा मागच्या चाकाशी असलेला संबंध काढून टाकतात, क्रँकवरून पट्ट्याने ४८ व्होल्टचा अल्टरनेटर फिरवतात आणि मागच्या चाकात हब मोटर बसवतात. अल्टरनेटर, बॅटरी आणि कंट्रोलर हे तिघे एकाच जोडपट्टीवर, म्हणजे बसबारवर, येऊन मिळतात. बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटच्या सोळा सेलची धरली आहे. अशा पॅकचा नाममात्र व्होल्टेज ५१.२, पूर्ण भरल्यावर ५८.४ आणि सेलमागे २.५ व्होल्ट ही तळाची मर्यादा धरली तर ४० व्होल्ट होतो. ४८ व्होल्टचे बरेचसे कंट्रोलर ४२ व्होल्टच्या आसपास खालच्या बाजूने आणि ६० ते ६३ व्होल्टच्या आसपास वरच्या बाजूने बंद होतात. आपल्या कंट्रोलरच्या नेमक्या मर्यादा त्याच्या माहितीपत्रकात पाहून कागदावर लिहून ठेवाव्यात, कारण पुढचे सगळे निदान त्या दोन आकड्यांवर चालते.

तपासणीचे साहित्य फार लागत नाही. सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त वाचन धरून ठेवणारा, म्हणजे मिन-मॅक्सची सोय असलेला मल्टिमीटर, डीसी प्रवाह मोजणारा क्लॅम्प मीटर आणि बीएमएसचे, म्हणजे बॅटरीच्या सेलवर लक्ष ठेवून गरज पडल्यास पॅक तोडणाऱ्या इलेक्ट्रॉनिक पट्टीचे, मोबाइल ॲप एवढे पुरते. काम सुरू करण्यापूर्वी हातातील अंगठी, कडे आणि घड्याळ काढून ठेवावे. ४८ व्होल्टचा झटका सहसा जीवघेणा नसतो, पण त्या पॅकमधून शॉर्ट सर्किट झाल्यावर वाहणारा प्रवाह पान्याचा तुकडाही वितळवू शकतो. घरच्या वायरिंगमधील एसी एमसीबी या जोडणीत वापरू नये. डीसीमध्ये प्रवाह शून्यावर येत नसल्यामुळे संपर्क तुटताना होणारी ठिणगी तो विझवू शकेलच असे नाही. डीसीसाठीचा फ्यूज किंवा ब्रेकरच हवा.

मीटर बसबारवर जोडून टाकीवर पक्का चिकटवावा आणि मागे बसलेल्या माणसाने तो वाचावा. चालवणाऱ्याने मीटरकडे पाहू नये. सोलापूर शहरात रस्ते बहुतांशी सपाट असल्यामुळे मोटरवर सलग भार येत नाही आणि दोष दडून राहतो. त्यासाठी राष्ट्रीय महामार्ग ५२ वरून तुळजापूरच्या दिशेने जावे. तुळजापूर बालाघाटाच्या डोंगररांगेवर असल्यामुळे शेवटच्या टप्प्यात घाट लागतो, चढताना पूर्ण भार मिळतो आणि परतताना त्याच रस्त्यावर उताराची परीक्षा होते. मोटर बंद पडेल त्या क्षणी चढ होता की उतार, रेस ओढलेली होती की सोडलेली, जनरेटर चालू होता की बंद आणि मीटरवर कमीत कमी व जास्तीत जास्त किती व्होल्ट नोंदले गेले, एवढे लिहून घेतल्याशिवाय चावी फिरवू नये.

रेस ओढल्यावर बंद पडत असेल तर

स्वार धरून गाडीचे वजन ३०० किलो, चढ शंभराला सहा आणि वेग ताशी ४० किलोमीटर धरला, तर चाकापाशी सुमारे तीन किलोवॅट शक्ती लागते. मोटर आणि कंट्रोलरमधील नुकसान मिळवले की बसबारवरून साडेतीन किलोवॅटहून थोडे अधिक ओढले जातात, म्हणजे ४८ व्होल्टला साधारण ७५ अँपिअर. जनरेटर यातील ४०-४५ अँपिअर देत असेल तर उरलेले बॅटरीने द्यायचे असतात. अल्टरनेटरचा पट्टा नेमका चढावर घसरला तर सगळेच बॅटरीवर येतात, म्हणून पहिली नजर पट्ट्यावर टाकावी. चढावर इंजिनाचा आवाज मोकळा झाला, धूर कमी झाला आणि क्लॅम्प मीटरवरचा जनरेटरचा प्रवाह पडला, तर पट्टा घसरतो आहे हे निश्चित समजावे. याउलट इंजिन दबले आणि सायलेन्सरमधून काळा धूर येऊ लागला तर इंजिनाला हवा कमी पडते आहे किंवा त्याच्यावर झेपेल त्यापेक्षा जास्त भार आहे. काळ्या मातीची बारीक धूळ उन्हाळ्यात एअर फिल्टरमध्ये किती लवकर साचते हे इथल्या कोणत्याही ट्रॅक्टर मेकॅनिकला विचारावे. इंजिन गचके देत असेल तर डिझेलच्या नळीत हवा धरली आहे का ते पाहावे. डिझेल इंजिनाच्या बाजूची दुरुस्ती आपल्याकडे कोणत्याही चांगल्या पंप-नोझलवाल्याकडे होते, त्यामुळे त्यावर अधिक लिहीत नाही.

जनरेटर ठीक असूनही व्होल्टेज पडत असेल तर तो कुठे पडतो ते शोधायचे. मीटरची एक तार बॅटरीच्या धन टर्मिनलवर आणि दुसरी कंट्रोलरच्या धन टर्मिनलवर ठेवून चढावर वाचन घ्यावे, मग हेच ऋण बाजूला करावे. मीटर आता फक्त केबल आणि सांध्यांमध्ये हरवणारा व्होल्टेज दाखवतो. १६ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या केबलचा रोध मीटरमागे सुमारे १.१५ मिलिओहम असतो, त्यामुळे जाण्यायेण्याची मिळून तीन मीटर केबल असेल तर ७५ अँपिअरला पाव व्होल्ट जातो. ते चालण्यासारखे आहे. तीच केबल ६ चौरस मिलिमीटरची असेल तर पाऊण व्होल्टच्या आसपास जातो आणि केबल हाताला गरम लागते. दोन्ही बाजू मिळून एक व्होल्टपेक्षा जास्त हरवत असेल, किंवा एकाच सांध्यावर ५० मिलिव्होल्टपेक्षा जास्त दिसत असतील, तर तो सांधा उघडून पाहावाच लागतो.

सांधा वरून चांगला दिसतो, हीच अडचण आहे. वर उल्लेखलेल्या गाडीतील एका लगवरचे, म्हणजे केबलच्या टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या कडीवरचे, काळे श्रिंक स्लीव्ह कडेला किंचित तपकिरी झाले होते. ते कापून काढल्यावर आतील तांब्याचे धागे काळवंडलेले निघाले आणि त्यातील काही चिमटीने ओढताच बाहेर आले. लग हातोडीने ठोकून बसवलेला होता. अशा सांध्याचा रोध पाच मिलिओहम जरी झाला, तरी ७५ अँपिअरला तिथे २८ वॅट उष्णता निर्माण होते, म्हणजे केबलच्या टोकाला एक सोल्डरिंग आयर्न सतत चालू ठेवल्यासारखेच. उष्णतेने तांब्यावर ऑक्साइडचा काळा थर धरतो, त्या थराने रोध वाढतो आणि रोध वाढल्यामुळे उष्णता आणखी वाढते. लग हायड्रॉलिक क्रिम्पिंग मशिननेच दाबून घ्यावेत. एमआयडीसीत पॅनेल बनवणाऱ्या कोणत्याही दुकानात ते असते. एका सिलिंडरच्या डिझेल इंजिनाची थरथर पाहता नट साधे न वापरता नायलॉकचे वापरावेत, आणि केबल सांध्यापासून थोड्याच अंतरावर चासीला क्लिपने बांधावी, म्हणजे थरथर लगच्या मानेवर येत नाही.

केबल आणि सांधे निर्दोष निघाले तर बॅटरीकडे वळावे. इथे एकूण व्होल्टेज पाहून फसगत होते. चढावर पॅक ४७ व्होल्ट दाखवत असतानाही सोळांपैकी एक अशक्त सेल २.५ व्होल्टखाली गेला की बीएमएस संपूर्ण पॅक तोडते, कारण ते प्रत्येक सेल स्वतंत्रपणे पाहते. मागे बसलेल्याने ॲपवर सेलनिहाय व्होल्टेज उघडून ठेवावेत. भार नसताना सगळे सेल ३.२८ ते ३.३० च्या आसपास एका रांगेत दिसतील आणि चढावर त्यातील एकच खोल जाईल. तो सेल बदलण्यापूर्वी त्याच्यावरचा बसबार आणि नट तपासावा, कारण सैल नटसुद्धा ॲपवर अशक्त सेलसारखाच दिसतो. प्रत्येक सेलपासून बीएमएसपर्यंत येणाऱ्या बारीक बॅलन्स वायरच्या जोडणीत मीटरची टोके खुपसून मोजमाप करू नये. तिथल्या पिना इतक्या जवळ असतात की टोक निसटले तर दोन सेल थेट शॉर्ट होतात.

रेस सोडल्यावर बंद पडत असेल तर

हा प्रकार अधिक गंभीर आहे, आणि रूपांतरित गाड्यांमध्ये सर्वांत कमी समजला गेलेलाही हाच आहे. फक्त बॅटरीवर चालणाऱ्या गाडीची सवय असलेला कारागीर इथे चकतो, कारण त्या गाडीत बसबारवर स्वतःहून व्होल्टेज वाढवणारा, सतत चालणारा असा दुसरा स्रोत नसतो. आपल्या गाडीत तो इंजिनाच्या शेजारीच फिरत असतो.

अल्टरनेटरचा व्होल्टेज त्याच्या फेऱ्यांवर आणि त्याच्यातून किती प्रवाह ओढला जातो यावर ठरतो. भार असताना तो दबलेला असतो आणि भार सुटला की उसळतो. डिझेल इंजिनाचा यांत्रिक गव्हर्नरही भार सुटल्यावर फेऱ्या थोड्या वाढू देतोच. बॅटरी जोडलेली असते तोवर ही उसळी बॅटरी पिऊन टाकते. बीएमएसने चार्जिंगची वाट बंद केली की मात्र जनरेटर आणि कंट्रोलर एकमेकांसमोर उघडे पडतात. समजा त्या क्षणी जनरेटरचे ४० अँपिअर बॅटरीत जात होते. ती वाट तुटते, बसबारचा व्होल्टेज चढतो, कंट्रोलर वरच्या मर्यादेवर बंद होतो. कंट्रोलर बंद झाल्यामुळे उरलेला भारही नाहीसा होतो आणि व्होल्टेज आणखी चढतो. अनेक कंट्रोलरमधील कपॅसिटर ६३ व्होल्टचे असतात, त्यांना हा मार सहन होत नाही. गाडीतील दिव्यांसाठी बसवलेला डीसी-डीसी कन्व्हर्टर पुन्हा पुन्हा जळत असेल, किंवा मोटर बंद पडण्याआधी क्षणभर दिवे प्रखर होत असतील, तर हेच घडते आहे. मीटरवरील सर्वांत जास्त वाचन ६० च्या पुढे गेलेले दिसेल. अगदी क्षणिक उसळी साध्या मीटरला पकडता येत नाही, त्यामुळे ५९ दिसले तरी संशय सोडू नये.

बीएमएस चार्जिंग का तोडते, याची तीन कारणे असतात. पहिले म्हणजे बॅटरी पूर्ण भरलेली असणे. तुळजापूरचा घाट उतरताना जनरेटर चालूच ठेवला आणि ब्रेक लावताना मोटरकडून परत येणारी वीजही त्यात मिळाली, की भरत आलेल्या पॅकला जागा उरत नाही. जनरेटर तीस टक्क्यांवर सुरू करून ऐंशी टक्क्यांवर बंद करण्याची शिस्त पाळली तर हे कारण संपते. दुसरे म्हणजे सेलमधील असमतोल. पॅक एकूण ५६ व्होल्टच दाखवत असतो, पण एक सेल ३.६५ ला पोहोचलेला असतो. घरी संथ चार्जरवर पॅक पूर्ण भरून बीएमएसला समतोल साधायला पुरेसा वेळ द्यावा.

तिसरे कारण उष्णता, आणि सोलापुरात ते सर्वांत महत्त्वाचे आहे. अनेक सेलच्या माहितीपत्रकांत चार्जिंगसाठी वरची मर्यादा ४५ ते ५५ अंश सेल्सिअस दिलेली असते, तर डिस्चार्जसाठी ती त्याहून अधिक असते. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे सावलीतच पारा ४२-४३ अंशांवर जातो. उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या काळ्या पत्र्याच्या पेटीत, तेही हवेने थंड होणाऱ्या इंजिनाच्या थेट मागे, बॅटरी असेल तर जनरेटर सुरू होण्याआधीच ती मर्यादेजवळ पोहोचलेली असते. फिटर गृहस्थांची गाडी सकाळी का चालत होती आणि दुपारी का बंद पडत होती, याचे उत्तर इथे आहे. कारखान्याच्या आवारात गाडी अर्धा दिवस उन्हात उभी असे. बीएमएसच्या नोंदींमध्ये दर वेळी चार्जिंग-तापमानाची सूचना होती, पण ॲपमधील ते पान कोणी उघडून पाहिले नव्हते. आपल्या गाडीतही सर्वप्रथम हेच पान उघडावे.

उपाय दोन पातळ्यांवर करावा लागतो. पॅक इंजिनाच्या मागून काढून सीटखाली मागच्या बाजूला किंवा कॅरिअरच्या जागी न्यावा, इंजिन आणि पेटी यांच्यामध्ये ॲल्युमिनियमचा पत्रा उभा करावा आणि पत्रा व पेटी यांच्यात बोटभर हवेची फट ठेवावी. पेटीला बाहेरून पांढरा रंग द्यावा. पेटीत ओले फडके किंवा बर्फ ठेवण्याचे प्रयोग करू नयेत, ओलाव्याने बीएमएसच्या पट्टीवर गंज चढतो.

याहून महत्त्वाची दुसरी पातळी आहे: बीएमएसने चार्जिंग तोडण्याची वेळ येण्याआधी जनरेटर थांबला पाहिजे. अल्टरनेटरला फील्ड कॉइल, म्हणजे त्याचे चुंबकत्व तयार करणारी गुंडाळी, असेल तर हे सोपे आहे, कारण त्या कॉइलचा काही अँपिअरचा प्रवाह तोडला की मोठा प्रवाह आपोआप थांबतो. फील्डच्या रिलेच्या वायरमध्ये बॅटरीच्या पेटीत चिकटवलेला एक बायमेटल थर्मोस्टॅट मालिकेत घालावा. तो ठरलेल्या तापमानाला उघडतो आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात वेगवेगळ्या अंशांचा मिळतो. सेलची मर्यादा ५५ असेल तर ५० अंशांचा घ्यावा. मर्यादा ४५ च असेल तर मे महिन्याच्या दुपारी जनरेटर चालणारच नाही हे स्वीकारून पॅक सकाळी भरून निघावे. बीएमएसची मर्यादा ॲपमधून वाढवून ठेवणे हा उपाय नव्हे, त्याने सेल खराब होतात. थर्मोस्टॅटसोबत व्होल्टेजचा रिलेही हवा आणि त्यांची उतरंड पाळावी: जनरेटर ५६ व्होल्टला थांबावा, त्यावर ५७.५ ला संरक्षक भार जोडला जावा, बीएमएस ५८.४ ला आणि कंट्रोलर त्याच्याही वर असावा. फील्ड तोडल्यावर अल्टरनेटरमधील चुंबकत्व लगेच जात नाही, तेवढ्या वेळेसाठी हा संरक्षक भार लागतो. दोन ओहमचा वायरवाउंड रोध ५७ व्होल्टला २८ अँपिअर पितो. तो सुमारे १६०० वॅटचा भार असल्यामुळे एक-दोन सेकंदांपुरताच जोडला जाईल असा टायमर ठेवावा आणि रोध डिझेलच्या नळीपासून दूर बसवावा.

अल्टरनेटर कायम चुंबकाचा असेल तर तोडायला फील्डच नसते. इंजिनाचे डिझेल तोडणारा सोलेनॉइड फार उशिरा काम करतो, त्यावर विसंबू नये. तिथे थायरिस्टरचा, म्हणजे प्रवाहाची वाट हवी तेव्हा बंद ठेवता येणारा, नियंत्रित रेक्टिफायर बसवणे हाच मार्ग आहे, आणि नवी जोडणी करणाऱ्यांना माझा सल्ला फील्ड कॉइलचाच अल्टरनेटर घेण्याचा आहे.

रेसशी संबंधच नसेल तर

खड्ड्यात किंवा गतिरोधकावर मोटर बंद पडत असेल आणि व्होल्टेज दोन्ही मर्यादांच्या आत असेल, तर हॉल सेन्सरच्या, म्हणजे मोटर कोणत्या स्थितीत फिरली आहे हे कंट्रोलरला कळवणाऱ्या सेन्सरच्या, वायर तपासाव्यात. कंट्रोलर या सेन्सरांना पाच व्होल्ट देतो. चाक उचलून हाताने अगदी सावकाश फिरवल्यावर तिन्ही सिग्नल वायर शून्य आणि पाचच्या आसपास आलटून पालटून बदलल्या पाहिजेत. फिरवतानाच ॲक्सलपाशी वायर हलवून पाहावी. तिथे वायर तुटलेली निघाली तर केवळ जोड देऊन थांबू नये, टॉर्क आर्म, म्हणजे ॲक्सलला फिरू न देणारी पट्टी, सैल झाल्यामुळे ॲक्सल फिरून वायर कापली गेली का हे पाहावे. जुन्या चासीतील ॲक्सलचे खाचे या मोटरसाठी बनवलेले नसतात, त्यामुळे दोन्ही बाजूंना टॉर्क आर्म असणे आवश्यक आहे. जुना चावीचा स्विचही असाच धोका देतो. त्याच्यावरून कंट्रोलरची सूचक वायर गेलेली असल्यास ती थेट जोडून एक फेरी मारली की खात्री होते.

रस्त्यावरील चाचणीबाबत एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार मूळ रचनेत असा बदल मंजुरीशिवाय करता येत नाही. हायब्रिड रूपांतराच्या किटला पुण्याच्या एआरएआयसारख्या अधिकृत चाचणी संस्थेची मान्यता आणि आरटीओकडील नोंद लागते. ती नसेल तर अपघाताच्या वेळी विमा नाकारला जाऊ शकतो. घाटातील चाचणी नोंद झालेल्या गाडीवरच करावी आणि इतरांनी भाराची चाचणी खासगी आवारात, डायनोवर, म्हणजे गाडी जागेवर उभी ठेवून चाकावर भार देणाऱ्या यंत्रावर, करावी.

दुरुस्तीनंतर चढावर बसबारचे सर्वांत कमी वाचन कंट्रोलरच्या खालच्या मर्यादेपेक्षा किमान तीन व्होल्ट वर राहिले पाहिजे, आणि जनरेटर चालू असताना रेस एकदम सोडल्यावर सर्वांत जास्त वाचन ५८ च्या आत. ही चाचणी एकदा गार सकाळी आणि एकदा पॅक तापलेला असताना दुपारी घ्यावी. वरच्या बाजूने अनेकदा ट्रिप झालेला कंट्रोलर पुन्हा वापरण्यापूर्वी उघडून कपॅसिटरांची डोकी फुगली आहेत का ते पाहावे. फुगलेली असतील तर सगळे कपॅसिटर १०० व्होल्टचे आणि कमी ईएसआरचे (अंतर्गत रोधाचे) घालून घ्यावेत, एखादाच बदलू नये.